पंपावर सुटे ठेवणं कुणाचं काम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल महागलं की परभणीचं नाव छापून येतं. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर इथवर यायचा, त्याचं भाडं दरात चढायचं, म्हणून महाग पेट्रोल आमच्या नशिबी. २०२१ साली शंभरी ओलांडली तेव्हाही बातम्यांत आम्ही पुढेच होतो. त्या दराबद्दल मी लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पेट्रोल टाकीत पडल्यावर नोट पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसाचं काय होतं, एवढंच सांगायचं आहे.

मी एसटीचा निवृत्त वाहक. २०१९ ला सेवेतून बाहेर पडलो. उभी नोकरी सुट्या पैशांत गेली, तेव्हा या एका विषयावर बोलायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. गाडी शंभर सीसीची, जुनीच. पेट्रोलचे पैसे रोख देतो. फोन आहे, त्यावर नातवंडांचे फोटोही येतात, पण बँकेचं खातं फोनला जोडायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे. गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी कुठल्याशा लिंकवर बोट ठेवलं आणि त्यांची ठेव गेली, तेव्हापासूनचा हा ठराव. कुणाला तो भित्रेपणा वाटेल. वाटू द्या. ईपीएफची पेन्शन किती असते ते ज्याला मिळते त्याला विचारा, म्हणजे ती जपायची का ते कळेल.

आता पंपावर काय होतं ते सांगतो. पंपाचं नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. गाडी लावली की पहिला प्रश्न, "रोख का ऑनलाइन?" रोख म्हटलं की पोराचा चेहरा उतरतो. "सुट्टे आहेत का काका?" अजून नळी हातात घेतलेली नाही, टाकीचं झाकण उघडलेलं नाही, किती टाकायचं ते विचारलेलं नाही. आमच्या वेळी एखाद्या वाहकाने प्रवाशाला पायरीवरच थांबवून, सुटे असतील तरच चढा, असं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत आगारप्रमुखांच्या टेबलावर अर्ज येऊन पडला असता.

मागे टाकी फुल्ल करायला सांगितली. आकडा थांबला ५८३ रुपये ४० पैशांवर. मी सहाशे दिले. परत यायला हवेत १६ रुपये ६० पैसे. साठ पैशांचं नाणं जगात नाही, हे मलाही कळतं. मग १७ द्या आणि चाळीस पैसे पंपाने सोडावेत, किंवा १६ द्या आणि साठ पैसे मी सोडतो, माझी तक्रार नाही. हातात आले दहा. बाकीचे मागितले तर, "सुट्टे नाहीत काका, पुढच्या वेळी घ्या." पुढच्या वेळी तिथे दुसरंच पोरगं उभं असणार, हे त्यालाही माहीत आणि मलाही. माझ्या मागचा तरुण फोन दाखवून ४१२ रुपये २५ पैसे अगदी पैशासकट देऊन गेला, एक दमडी कमी नाही की जास्त नाही. त्याने दिलेला पैसा आणि मी दिलेला पैसा एकाच सरकारचा असताना, त्याचा हिशेब पैशापर्यंत आणि माझा दहाच्या पटीत, हे कसं?

गंमत पाहा. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून सरकारनेच मोडीत काढलं. पन्नास पैशांचं कायद्याने अजून चालतं, पण ते पुढे केलं तर पंपावरची पोरं मला संग्रहालयात नेऊन ठेवतील. आणि पेट्रोलचा दर मात्र पैशांत. जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला बदलू शकतो, त्याआधी पंधरवड्याला बदलायचा. जे नाणं कुणाच्या खिशात नाही त्यात दर लावायचा आणि वरचा फरक कुणी सोसायचा ते कुठेच लिहून ठेवायचं नाही. न लिहिलेला फरक नेहमी गिऱ्हाइकाच्याच अंगावर पडतो.

यावर लोक म्हणतात, "मग फुल्ल करता कशाला? शंभराचं टाका, दोनशेचं टाका." पण आमच्याकडे दुसरी एक समजूत घट्ट बसलेली आहे: शंभर, दोनशे, पाचशे या आकड्यांवर मशीन 'सेट' केलेली असते, म्हणून ११० किंवा २१५ चं टाकायचं. माझा स्वतःचा यावर फारसा विश्वास नाही. मशीनवर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांचं सील असतं, पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. शंका असेल तर माप मागावं, ११० चा मंत्र जपण्यापेक्षा ते बरं. पण लोकांचा मंत्र चालूच आहे आणि त्याचा परिणाम असा, की ज्याला-त्याला दहा-वीस-पाच परत हवे असतात. म्हणजे सुट्यांची गरज वाढली आणि सुटे मात्र तेवढेच राहिले, किंबहुना नाहीतच.

मग पोरगं सोयीचा उपाय काढतं. "दहाचं अजून टाकू का?" माझ्याच पैशाने मला न मागितलेला माल. कधी ऑइलच्या पुडीकडे बोट. एका पंपावर तर टाकत असतानाच पैसे मागितले. एक डोळा मीटरवर ठेवायचा की पाकिटात, या गडबडीत मीटर शून्यावरून निघालं होतं की नाही तेच पाहायचं राहून जातं. रोख देणाऱ्यालाच हे असं मध्ये गाठतात, कारण फोनवाल्याचं काम नळी काढल्यावर सुरू होतं.

पोरांवर मी रागावत नाही. एकदा दुपारी गर्दी नव्हती, एकाला सरळ विचारलं, बाबा, सकाळी ड्युटीवर उभा राहतोस तेव्हा मालक तुला सुटे किती देतो? तो माझ्याकडे बघतच राहिला. काहीच नाही. रिकाम्या खिशाने उभा राहायचं, आलेले पैसे थोड्या-थोड्या वेळाने केबिनमध्ये जमा करायचे, कारण अंगावर जास्त रक्कम ठेवणं धोक्याचं. म्हणजे कष्टाने गोळा केलेले दहा-वीसही त्या जमेबरोबर आत जातात आणि हा पुन्हा मोकळा. संध्याकाळी हिशेबात कमी आलं तर पगारातून कापतात, हेही त्याने सांगितलं. आणि जास्त आलं तर? तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मी लावत बसलो नाही, पण इतकं कळलं की कमी पडलेल्याला पोरगं जबाबदार आहे आणि जास्त आलेल्याला कुणीच नाही.

इथे मला आमची एसटी आठवते. एसटीचे दोष मला कुणी सांगू नयेत, मी ते पोसलेले आहेत. पण पैशाच्या बाबतीत तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. ड्युटी सुरू होण्याआधी आपल्या खिशातली खासगी रक्कम किती, ते लिहून द्यावं लागायचं. वाटेत तपासणी पथक चढलं आणि बॅगेत तिकिटांपेक्षा रक्कम जास्त निघाली, तर ती कमी निघाल्याइतकीच गंभीर गोष्ट. "प्रवाशाने सुटे घेतले नाहीत साहेब," हे उत्तर चालायचं नाही. कारण साहेबांना ठाऊक होतं, की जास्तीचा रुपया कुणाच्या तरी खिशातून आलेला असतो. बाकी द्यायची राहिली की तिकिटाच्या मागे लिहून द्यायचो: बाकी ३, बाकी ७. उतरायच्या आधी लोक ते तिकीट घेऊन दाराजवळ यायचे, आणि तेवढ्यात कुणी ना कुणी सुटे दिलेले असायचे. एखादी म्हातारी तिकीट पदराला बांधून उतरली आणि विसरली, तर दुसऱ्या खेपेला ते तिकीट काढून दाखवायची आणि आम्ही पैसे द्यायचो. कागदावर लिहिलेलं देणं हे देणंच असतं. पंपावर मात्र "पुढच्या वेळी घ्या" हे हवेत बोललेलं.

आणि सुटे ही वाहकाची जबाबदारी, हेही आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. चहाच्या टपरीवर, आगाराच्या कँटीनमध्ये, पानवाल्याकडे शंभराचे सुटे करूनच गाडीत चढायचं. मंदिरासमोर बसणाऱ्यांकडून रुपया-दोन रुपयांची नाणी घेऊन नोट देणारे वाहक मी पाहिलेत, दोघांचीही सोय. अलीकडे, २५ जानेवारी २०२५ ला, एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. तिकिटं अकरा रुपये, एकवीस रुपये अशी अवघड आकड्यांची झाली आणि गाड्यांमध्ये भांडणं लागली. त्यावर महामंडळाने काय केलं? वाहकांना ड्युटीवर जाताना शंभर रुपयांचे सुटे आगाऊ द्यायचं ठरवलं. शंभर रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे, आणि त्यात सगळं निभतं असंही नाही. पण सुटे पुरवणं हे आधी संस्थेचं काम, मग वाहकाचं आणि शेवटी प्रवाशाचं, हा क्रम त्यांनी मान्य केला. दिवसाला लाखांचा गल्ला मोजणाऱ्या पंपमालकाला आपल्या चार पोरांच्या हातात सकाळी पाचशे-पाचशेचे सुटे ठेवणं जड का जावं?

रोखीची किंमत पंपांना कळत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा ज्या थोड्या ठिकाणी चालत होत्या, त्यांत पंप होता आणि आमची एसटीही होती. लोक वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट देत होते, आणि पंपावर "पाचशेचंच टाका, सुटे मिळणार नाहीत," अशी पाटीच लागली होती. ती सवय तेव्हा लागली आणि नोटा बदलून गेल्या तरी सुटली नाही, असं माझं मत आहे. त्याच डिसेंबरात सरकारने कार्डाने पेट्रोल घेणाऱ्यांना पाऊण टक्का सूट दिली. शंभरावर पंचाहत्तर पैसे. पुढे ती पाव टक्क्यावर आली आणि मग गेली. ऑनलाइनवाल्याला बक्षीस द्यायचं ते संपलं, पण रोखवाल्याला भुर्दंड बसायचा तो कुणी जाहीर न करता चालूच राहिला.

आणि फोन बंद पडला की काय होतं तेही पाहिलं. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं होतं. मी देवळातून येताना पंपावर थांबलो होतो. टाकीत पेट्रोल पडलेलं, फोनवर चाक फिरतंय, पंपावरचा तो बोलका डबा मुका. टाकीत गेलेलं पेट्रोल परत काढता येत नाही. एक तरुण घरी फोन लावून कुणाला तरी पैसे घेऊन बोलावत होता, दुसऱ्याने गाडीची चावी काउंटरवर ठेवली होती. त्या घटकेला मात्र माझी दोनशेची नोट पोराने हसत घेतली आणि सुटेही पूर्ण दिले! माझं मन काही फार मोठं नाही, मला बरं वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात नागपूरकडच्या पंपचालकांनी १० मेपासून ऑनलाइन पैसे घेणंच थांबवण्याचा इशारा दिला होता. सायबर चोरांनी लुबाडलेला पैसा पेट्रोलच्या रूपाने पंपाच्या खात्यात येतो, तपासात ते खातं गोठतं आणि मालकाचा व्यवहार ठप्प होतो, अशी त्यांची तक्रार होती. रास्त होती. पुढे निर्णय लांबणीवर पडला. म्हणजे मालकांनाही अडचण आली की रोखीची आठवण होते. मग ती बाराही महिने ठेवावी, एवढंच म्हणणं आहे.

बँकांचाही यात हात आहे, ते सांगितलं नाही तर पंपावर अन्याय होईल. एटीएममधून पेन्शन काढायला जावं तर पाचशेच्याच नोटा निघतात. ती नोट घेऊन शंभराचं पेट्रोल टाकायला गेलेला माणूस पोराला शत्रू वाटला, तर त्यात नवल नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, की सप्टेंबर अखेरपर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. आदेश चांगला आहे. आमच्या कोपऱ्यावरचं यंत्र उरलेल्या दहा टक्क्यांत मोडत असावं.

दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका. आमच्या भागात ते चालत नाही, असं कुणी ठरवलं कोण जाणे. नाण्यावर चिन्ह वेगळं, रेषा कमी-जास्त, म्हणून खोटं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि सगळे खरे आहेत. नाणे कायद्यानुसार रुपयापासून वरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यात चालतात. मी वर्षानुवर्षं ती नाणी बॅगेत घेतली आणि आगारात भरली, कुणी परत केली नाहीत. पंपावर पाच नाणी दिली तर पोरगं म्हणतं, "मालक घेत नाही." मालकाला विचारलं तर म्हणतो, "बँक घेत नाही." बँकेत विचारलं तर म्हणतात, "आम्ही तर घेतो, कुणी आणतच नाही." सुट्यांची चणचण अशीच तयार होते. सुटे आहेत, लोकांच्या डब्यांत पडून आहेत, पण फिरत नाहीत.

याचा त्रास माझ्यासारख्यापेक्षा दुसऱ्याच लोकांना जास्त होतो. सकाळी सहाच्या सुमारास पंपावर उभं राहून पाहावं. दूधवाले, भाजी घेऊन मोंढ्याकडे निघालेले, मजुरीला जाणारी दोन-दोन माणसं एका गाडीवर. पन्नासचं पेट्रोल टाकणारी ही मंडळी. त्यांच्याकडचा पैसा हा आदल्या दिवशी हातात पडलेला असतो, तो बँकेतून फिरून येत नाही. पन्नासचं म्हटलं की पोरगं, "पन्नासचं काय टाकतो, शंभराचं टाक," असं बोलून मोकळं होतं. त्यातून पाच रुपये राहिले तर त्या माणसाचा सकाळचा अर्धा चहा गेला. तो वाद घालत नाही, मागे रांग असते, मजुरीची वेळ होते. शंभर गिऱ्हाइकांचे असे पाच-पाच राहिले तर पाचशे होतात, हा हिशेब वाहकाला पाटी-पेन्सिलीशिवाय येतो.

मी एकदा तक्रारवही मागितली होती. पंपावर ती असावी लागते. वही कपाटात होती, कपाटाची किल्ली शेठकडे होती आणि शेठ लग्नाला गेले होते. फलकावर कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर असतो, तो लावला. समोरच्या सद्‌गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं आणि "सर, यूपीआय वापरा ना," असा सल्ला दिला.

म्हणून हे पत्र. तेल कंपन्यांनी आपल्या पंपचालकांना एका ओळीची सूचना काढावी, की प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नळीवर उभ्या राहणाऱ्याला ठरावीक रकमेचे सुटे मोजून द्यायचे आणि पाळी संपताना तेवढे मोजून घ्यायचे. मधल्या जमेत पाचशेच्या नोटांचा भरणा करावा, दहा-वीस त्याच्याकडेच राहू द्यावेत. रोख देणाऱ्यालाही न मागता पावती मिळावी. पूर्णांकाच्या वरचे पैसे गिऱ्हाइकाने सोडायचे की पंपाने, हे फलकावर लिहावं, म्हणजे पोराशी भांडण नको. एखाद्या वेळी खरोखरच बाकी देता आली नाही, तर पावतीच्या मागे लिहून सही करावी, पुढच्या कुठल्याही पाळीत ती वटली पाहिजे. जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी सकाळी सहा ते आठ या वेळात, साध्या कपड्यात, शंभराची नोट घेऊन सत्तरचं पेट्रोल टाकून पाहावं. तपासणीला याहून जास्त खर्च येत नाही.

पंपमालकांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नोटा उभ्या घडी करून डाव्या हाताच्या बोटांत किमतीप्रमाणे कशा लावायच्या, नाणी बॅगेच्या कुठल्या कप्प्यात टाकायची आणि गर्दीत बाकी कशी लक्षात ठेवायची, हे तुमच्या पोरांना दुपारच्या वेळी येऊन शिकवायला मी तयार आहे. मानधन नको. सुटे मात्र तुमचे लागतील.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, परभणी